आखूड दाव्यावरची दोन वर्षे

१९६५ चा जून संपता संपता भारत आणि अमेरिका यांच्यातल्या धान्यकराराची मुदत संपली. असे करार याआधीही संपले होते आणि त्यांच्या जागी नवे झाले होते. याही वेळी तसेच व्हायला हवे होते. पण अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी तो निर्णय स्वतःकडे ठेवून घेतला. गहू देणार नाही, असे ते म्हणाले नाहीत. लांब मुदतीचा करार मात्र नको. महिन्या-दोन महिन्यांपुरते धान्य सोडायचे, भारत काय करतो ते पाहायचे, मग पुढचे. जनावर चरायला सोडायचे पण दावे आखूड ठेवायचे, असा तो प्रकार होता. ते दावे पुढची जवळजवळ दोन वर्षे त्यांनी आपल्या हातातून सोडले नाही.

ही जुनी हकिकत पुन्हा आठवायला कारण घडले. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने एका आदेशाने परदेशी मदत थांबवली. जुलैच्या १ तारखेला यूएसएड ही १९६१ पासूनची संस्था परराष्ट्र खात्यात विलीन झाली. दरम्यान सुदानमध्ये स्थानिक लोकांनी चालवलेली अन्नछत्रे बंद पडल्याच्या बातम्या आल्या. अशा वेळी ‘आम्हीही यातून गेलो आणि उभे राहिलो’ असे म्हणणे आपल्याला सोपे जाते. अभिमान खोटा नाही. पण आपण ही हकिकत फार घाईने सांगतो: अमेरिकेने गहू अडवला, शास्त्रीजींनी एक वेळ उपाशी राहायची हाक दिली, हरितक्रांती झाली. मधले सगळे गाळले की मदत तोडणे हेच जणू औषध होते, असे वाटू लागते. ते औषध नव्हते. दावे आवळले गेले तेव्हा आपल्याकडे काही माणसांनी वर्षभर आधीच कामाला सुरुवात केलेली होती, म्हणून आपण वाचलो. आणि ज्यांच्यापर्यंत ते काम पोहोचले नव्हते, त्यांनी त्या दोन वर्षांची किंमत मोजली.

त्या गव्हाला सगळा देश ‘पीएल ४८०’ म्हणून ओळखायचा. अमेरिकी गहू त्याआधीही आला होता. १९५१ मध्ये १९ कोटी डॉलरचे गहूकर्ज आपण घेतले होते. पण १९५४ चा ४८० क्रमांकाचा कायदा वेगळा होता. अमेरिकेच्या कोठारांत शेतमाल साठून राहिला होता, त्याचे करायचे काय हा तिथल्या सरकारचा प्रश्न होता. या कायद्याने तो माल गरजू देशांना त्यांच्याच चलनात विकायची सोय केली. डॉलर नसलेल्या भारताला हे वरदानच वाटले. १९५६ च्या ऑगस्टमध्ये पहिला करार झाला. सर्वांत मोठा करार ४ मे १९६० रोजी झाला: चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ. अमेरिकेकडून अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी सही केली आणि भारताकडून अन्नमंत्री स. का. पाटील यांनी. सावंतवाडीकडच्या मुलखातून आलेले आणि पुढे मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा झालेले पाटील यांना मुंबईच्या गिरणगावाला रोज किती धान्य लागते हे कुणी सांगायची गरज नव्हती. शहरांत स्वस्त गहू मिळत राहिला तर मजुरी आटोक्यात राहते, मजुरी आटोक्यात राहिली तर कारखाने उभे राहतात, हे त्या काळच्या नियोजनाचे गणित होते आणि ते अगदीच चुकीचे नव्हते.

चुकले ते दुसरीकडे. स्वस्त गहू बंदरात उतरतो आहे तोवर शेतकऱ्याला बरा भाव द्यायची, त्याच्यासाठी खत आणायची, पाटाचे पाणी वेळेवर सोडायची निकड कुणाला वाटेना. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटने तर या आयातीचा भारतीय अर्थव्यवस्थेवर काय परिणाम झाला याचा स्वतंत्र अभ्यासच केला. रथ आणि पटवर्धन यांचे ते पुस्तक १९६७ मध्ये आले. गव्हाच्या किमतीपोटी जमणारे रुपये अमेरिकेच्या नावाने इथेच साठत गेले. त्यातूनच १९६२ पासून अमेरिकेतल्या विद्यापीठांसाठी भारतीय भाषांतली पुस्तके विकत घेतली जाऊ लागली. त्या काळातली मराठी पुस्तके आज अमेरिकेतल्या मोठ्या ग्रंथालयांत मिळतात ती बरीचशी त्या गव्हाच्या पैशातली. मराठी मुलखाने मात्र पीएल ४८० ची आठवण ठेवली ती गाजरगवतामुळे. पुण्यात या गवताची नोंद पन्नाशीच्या दशकाच्या मध्याला झाली, म्हणजे पहिला करार होत होता त्याच सुमारास. ते नेमके कुठल्या गव्हातून आले, की त्याही आधीपासून इथे होते, यावर मतभेद आहेत. लोक मात्र त्याला ‘काँग्रेस गवत’ म्हणून मोकळे झाले, आणि ज्या सरकारने परका गहू आणला त्याच्यावरचा राग त्या नावात कायमचा राहिला.

जॉन्सन यांनी दावे का आवळले? कारणे बरीच होती आणि ती एकमेकांत गुंतलेली होती. अमेरिकेची कोठारे आता पूर्वीसारखी भरलेली राहिली नव्हती. भारत पोलाद कारखान्यांवर खर्च करतो आणि शेतीकडे दुर्लक्ष करतो, असे त्यांचे मत झाले होते. ते स्वतः टेक्सासच्या ग्रामीण भागातून आलेले, शेतीतले त्यांना कळत होते, आणि या एका मुद्द्यावर ते पूर्ण चुकत होते असे म्हणता येणार नाही. पण त्याच वेळी व्हिएतनाममध्ये अमेरिकी विमाने बॉम्ब टाकत होती आणि भारत त्यावर बोलत होता. ज्याला आपण खाऊ घालतो त्याने आपल्याला सुनवावे, हे जॉन्सन यांना सहन होत नव्हते. एप्रिल १९६५ मध्येच त्यांनी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांची ठरलेली अमेरिका भेट अचानक पुढे ढकलली होती. शास्त्रीजींना तो अपमान लागला.

मग सगळेच एकदम आले. पाऊस दडी मारून बसला. ऑगस्टमध्ये काश्मीरमध्ये घुसखोरी, सप्टेंबरमध्ये उघड युद्ध. युद्ध सुरू होताच अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान दोघांचीही लष्करी मदत थांबवली, नव्या आर्थिक मदतीचेही दार लावून घेतले. आदल्या वर्षी, १९६४-६५ मध्ये, देशात ८ कोटी ९० लाख टनांच्या आसपास धान्य पिकले होते. १९६५-६६ मध्ये ते ७ कोटी २० लाखांवर आले. एका वर्षात १ कोटी ७० लाख टनांचा खड्डा! साठा म्हणून फारसे काही हाती नव्हते. जहाज लागायचे, गोदीतून गोणी निघायची आणि थेट दुकानात जायची. मधे थांबायला धान्यच नसायचे.

शास्त्रीजींनी सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडायची हाक दिली ती या वेळी. आधी आपल्या घरात ते करून पाहिले आणि मग देशाला सांगितले. हॉटेले सोमवारी संध्याकाळी बंद राहू लागली. एका जेवणाने किती धान्य वाचते याचा हिशेब कुणीही काढू शकतो आणि तो फार मोठा निघत नाही. पण ज्या मध्यमवर्गाला शेतकऱ्याचे नाव फक्त भाव चढले की आठवायचे, त्याच्या घरात आठवड्यातून एकदा तरी धान्य कुठून येते हा विषय निघू लागला. हे मला त्या उपवासाचे मोठे फळ वाटते. ‘जय जवान, जय किसान’ ही घोषणाही त्याच वर्षाची.

महाराष्ट्र तेव्हाही तुटीचा प्रांत होता आणि प्रांताप्रांतांत धान्याच्या झोनच्या भिंती घातलेल्या होत्या. शेजारच्या राज्यात पिकलेला दाणा सहज इकडे येत नव्हता. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी पुण्यात शनिवारवाड्यावर जाहीर करून टाकले, की दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्या. नाईक पुसदजवळच्या गहुलीचे, शेतीत रमणारे. ही प्रतिज्ञा अक्षरशः पुरी झाली नाही, राज्य पुढेही तुटीचेच राहिले. तरी ते वाक्य पोकळ नव्हते. १९६४ मध्ये संकरित ज्वारीचे पहिले वाण, सीएसएच-१, बाहेर आले होते आणि त्याच वर्षी जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी काढली होती. नाईक सरकारने ‘हायब्रीड’ हा शब्द गावोगावी नेला. राहुरीचे कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये, अकोल्याचे १९६९ मध्ये उभे राहिले. हायब्रीड ज्वारीला लोकांनी नावेही भरपूर ठेवली. ती लवकर तयार व्हायची, म्हणून परतीच्या पावसात सापडायची आणि कणसे काळी पडायची. तिच्या भाकरीला गावरान ज्वारीची चव नाही, हे जुनी माणसे आजही सांगतात. पण पोत्यांनी ज्वारी निघू लागली, हेही तीच माणसे सांगतात.

आणि मिलो. अमेरिकेत जनावरांना घालायची ही लालसर ज्वारी गव्हाबरोबर आपल्याकडे यायला लागली. गव्हाची सवय नसलेल्या, ज्वारीवर जगणाऱ्या मुलखात रेशनच्या दुकानात ती मिळे. पिठाला चिकटपणा नाही, गरम पाण्यात उकड काढून मळले तरी थापताना कडा फुटायच्या, तव्यावर टाकेपर्यंत भाकरीला चिरा पडायच्या. निवडताना सुपात खडे आणि नको ते बी वेगळे करावे लागे. रंग असा, की मुले ताटात पाहून तोंड फिरवायची. तरी ज्या घरात ती शिजली त्या घरातली चूल पेटलेली राहिली, एवढे तिचे ऋण मानायलाच हवे. जो दाणा तिकडे गुरांपुढे टाकतात तो आपल्याला खावा लागतो, ही बोच त्या ऋणाहून जास्त काळ टिकली.

आता त्या आधीच सुरू झालेल्या कामाकडे येऊ. जून १९६४ मध्ये शास्त्रीजींनी मंत्रिमंडळ बनवताना अन्न आणि शेती खाते चिदंबरम सुब्रमण्यम यांना दिले. तोवर त्यांच्याकडे पोलादाचे खाते होते. शेती म्हणजे राजकारणातली आडगल्ली. तिथे पाठवला गेलेला मंत्री एकतर रुसतो किंवा झोपतो. सुब्रमण्यम यांनी दोन्ही केले नाही. पोलादात शास्त्रज्ञ आणि अभियंते कसे काम करतात हे त्यांनी पाहिले होते. शेतीत शास्त्रज्ञाला कारकुनापेक्षा खाली बसवतात हे त्यांना इथे दिसले. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या प्रमुखपदी पहिल्यांदाच एक शास्त्रज्ञ, बी. पी. पाल, आले ते त्यांच्या काळात. बी. शिवरामन यांच्यासारखा कामाचा सचिव त्यांनी निवडला. जानेवारी १९६५ मध्ये अन्न महामंडळ आणि शेतमालाच्या किमती ठरवणारा आयोग, दोन्ही उभे राहिले. आयोगाचे पहिले अध्यक्ष मुंबई विद्यापीठातले प्राध्यापक एम. एल. दांतवाला. म्हणजे शेतकऱ्याला पेरणीआधी भावाची हमी द्यायची आणि पिकले की सरकारने ते विकत घ्यायचे, ही यंत्रणा जॉन्सन यांच्या आखूड दाव्याच्या आधीची आहे. हे महिने मला फार महत्त्वाचे वाटतात. संकट आल्यावर समिती नेमणारे पुष्कळ असतात; इथे संकट आले तेव्हा यंत्रणेचा सांगाडा उभा होता.

बियाण्याचेही तसेच. आपला देशी गहू उंच वाढायचा. त्याला खत जास्त दिले की ओंबी जड व्हायची, काडीला ती पेलायची नाही आणि वाऱ्यापावसात सगळे पीक लोळायचे. म्हणजे खत घालून उत्पन्न वाढवायची वाटच बंद. शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत जपानी ‘नोरिन १०’ वाणाचे खुजेपण तिथल्या गव्हात आणले होते. दिल्लीच्या पुसा संस्थेत एम. एस. स्वामिनाथन त्याच शोधात होते. त्यांच्या प्रयत्नाने बोरलॉग मार्च १९६३ मध्ये भारतात आले, गव्हाची शेते फिरून पाहिली आणि नंतर काही खुज्या वाणांचे थोडे थोडे बियाणे पाठवले. दिल्लीजवळच्या जौंती गावात ते शेतकऱ्यांच्याच रानात लावले गेले.

नवे बियाणे मुठीत दिले म्हणजे काम झाले असे नव्हते. पिढ्यान् पिढ्या गहू खोल पेरायची सवय, कारण ओल खाली असते. खुज्या गव्हाचा कोंब आखूड. तितक्या खोलवर पेरला तर तो मातीतच गुदमरतो. तेव्हा पेरणी दोन इंचांच्या आत घ्यायची, आणि त्यासाठी वरच्या थरात ओल हवी म्हणून आधी रान भिजवून घ्यायचे. मग विसाव्या-एकविसाव्या दिवशी, मुकुटमुळे फुटतात तेव्हा, पहिले पाणी चुकवायचे नाही. ते चुकले तर पुढे कितीही पाणी द्या, फुटवा भरून निघत नाही. हे सगळे शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहून दाखवावे लागले. पंजाब-हरियाणातला शेतकरी एका हंगामात हे शिकला, कारण शेजारच्या रानातली ओंबी त्याला दिसत होती. सुब्रमण्यम यांनी दिल्लीतल्या आपल्या सरकारी बंगल्याच्या हिरवळीवर गहू पेरला, खासदारांना तो पाहता यावा म्हणून.

खासदारांना पटवणे सोपे नव्हतेच. डावे म्हणत, ही अमेरिकी खत कंपन्यांची वाट आहे. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी म्हणत, खतासाठी परकीय चलन आणायचे कुठून? अर्थतज्ज्ञांतही जाणत्या माणसांनी शंका काढल्या, की ओलिताच्या भागावर सगळे खत आणि पैसा ओतायचा तर कोरडवाहू शेतकऱ्याचे काय? मराठवाड्यात किंवा माणदेशात बसून हा प्रश्न वाचला तर त्याला विरोध म्हणून बाजूला सारता येत नाही. तो खरा होता आणि पुढे तसाच राहिला.

१९६५ च्या पावसाळ्यात मेक्सिकोहून भारत आणि पाकिस्तान दोघांसाठीही बियाणे निघाले. ट्रकांचा ताफा लॉस एंजेलिसच्या बंदराकडे जात असताना तिथे वॉट्स भागातली दंगल पेटलेली होती. जहाज समुद्रात असताना हे दोन्ही देश एकमेकांशी लढायला लागले. बियाणे पोहोचले तेव्हा कळले, की मेक्सिकोतल्या गोदामात धुरी जास्त झाल्याने त्याची उगवण पार घसरली आहे. उपाय एकच होता: दुप्पट बियाणे टाकायचे आणि पाणी-खतात कसूर करायची नाही. पीक तरी चांगले आले.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रोममध्ये जागतिक अन्न व शेती संघटनेची परिषद होती. तिथे सुब्रमण्यम आणि अमेरिकेचे कृषिमंत्री ऑरव्हिल फ्रीमन यांची गुप्तपणे एक समजूत ठरली. भारत शेतीवरचा खर्च वाढवील, खताची आयात आणि खत कारखान्यांसाठी परदेशी भांडवलाच्या अटी सैल करील, नव्या वाणांखालचे क्षेत्र ठरल्याप्रमाणे वाढवील. त्या बदल्यात गहू सुटेल. हे कागदावर वाचले तर शरणागतीसारखे दिसते. पण त्यातली बहुतेक कलमे सुब्रमण्यम यांच्या स्वतःच्या टेबलावर आधीपासून होती आणि स्वतःच्याच मंत्रिमंडळात अडकली होती. बाहेरचा दाब त्यांनी घरातली गाठ सोडवायला वापरला. हा डाव खेळायला फार मोठे काळीज लागते, कारण उघड झाले तर ‘अमेरिकेचा माणूस’ हा शिक्का कायमचा बसतो. डिसेंबरात त्यांनी संसदेत नवे शेतीधोरण मांडले. त्याच महिन्यात जॉन्सन यांनी १५ लाख टन गहू मोकळा केला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी कृष्णम्माचारी मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि ११ जानेवारी १९६६ ला ताश्कंदमध्ये शास्त्रीजी गेले.

इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या आणि मार्चअखेर वॉशिंग्टनला गेल्या. भेट गोड झाली. जॉन्सन यांनी अमेरिकी काँग्रेसकडे आणखी ३५ लाख टनांची शिफारस केली. जागतिक बँक आणि मदत देणारे देश रुपयाच्या अवमूल्यनाची अट घेऊन बसले होते. ६ जूनला ती पाळली गेली आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला. त्या बदल्यात वर्षाला ९० कोटी डॉलरची मदत येईल असा शब्द होता. पहिल्या वर्षानंतर तो शब्द पातळ होत गेला. देशात संताप उसळला. जुलैत इंदिराजी मॉस्कोला गेल्या आणि तिथल्या संयुक्त पत्रकात व्हिएतनामवरचा बॉम्बवर्षाव थांबवा अशी मागणी झाली. जॉन्सन यांचा पारा चढला.

त्या वर्षीही पाऊस गेला. १९६६ मध्ये परदेशातून १ कोटी टनांच्या वर धान्य आले. अमेरिकेच्या गव्हाच्या पिकाचा जवळजवळ पाचवा हिस्सा भारताकडे वळला होता. आणि नेमक्या शरद ऋतूत, दुसऱ्या दुष्काळाची चिन्हे स्पष्ट दिसत असताना, जॉन्सन यांनी नवा गहू सोडायचे थांबवले. भारतात कुठे पाऊस पडला आणि कुठे नाही हे आपल्याला तंतोतंत माहीत असायचे, असे त्यांनी पुढे आठवणींत लिहिले आहे. म्हणजे अज्ञानाची सबब त्यांना नव्हती. त्यांचे स्वतःचे कृषिमंत्री फ्रीमन आणि दिल्लीतले राजदूत चेस्टर बोल्स गहू सोडा म्हणून विनवत होते. डिसेंबरात जॉन्सन यांनी अमेरिकी खासदारांचे एक मंडळ पाहणीला धाडले. पुढे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले बॉब डोल त्यात होते. मंडळाने गरज खरी असल्याचे सांगितल्यावर ९ लाख टन सुटले. जहाज अमेरिकेच्या आखातातून निघून आपल्या बंदराला लागायला आठवडेच्या आठवडे लागतात. निर्णयातला एकेक दिवस इकडच्या कुणाच्या तरी पोटावर येत होता.

ते कुणाच्या, हे बिहारने पाहिले. १९६६-६७ मध्ये तिथे भात गेला, रब्बीही गेली, विहिरी आटल्या. एप्रिल १९६७ मध्ये महामायाप्रसाद सिन्हा यांच्या सरकारने पलामू, गया, हजारीबाग या भागांत दुष्काळ अधिकृतपणे जाहीर केला. जयप्रकाश नारायण यांच्या बिहार रिलीफ कमिटीने अन्नछत्रे चालवली, विहिरी खोदून घेतल्या. शाळकरी मुलांच्या आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांच्या दुपारच्या जेवणात पुन्हा अमेरिकेचेच धान्य होते. त्याच साली अमेरिकेत पॅडॉक बंधूंचे एक पुस्तक गाजले. भारत आता वाचत नाही, त्याच्यावर धान्य वाया घालवू नका, असा त्याचा मथितार्थ होता. ज्या देशाबद्दल असे छापून येत होते त्याच देशात त्या रब्बीला १८ हजार टन मेक्सिकन बियाणे मातीत होते. चलनाची एवढी ओढाताण असताना ते विकत आणण्याचा निर्णय १९६६ मध्ये झाला होता. जगात इतके बियाणे एका खेपेत कुणी विकत घेतल्याचे तोवर कुणी ऐकले नव्हते.

फेब्रुवारी १९६७ ची निवडणूक यात मधेच आली. मद्रासमध्ये द्रमुकने रुपयाला तीन मापे तांदळाचे आश्वासन दिले आणि काँग्रेस भुईसपाट झाली. सुब्रमण्यम गोबिचेट्टिपाळयममधून हरले. दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटील यांना पाडले. अमेरिकी गव्हाचा सर्वांत मोठा करार करणारा आणि त्या गव्हातून सुटायची वाट काढणारा, दोघेही एकाच निवडणुकीत घरी गेले. सुब्रमण्यम यांचे पीक कापणीला आले तेव्हा मंत्रिपदावर जगजीवनराम होते. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला सुब्रमण्यम महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून मुंबईत राहून गेले. हे थोर काम करणारा हाच माणूस, हे किती जणांना ठाऊक होते?

१९६७ चा पाऊस चांगला झाला आणि १९६८ च्या वैशाखात देशात १ कोटी ६५ लाख टन गहू निघाला. तीन वर्षांपूर्वीच्या विक्रमी सालापेक्षाही ४० लाख टन जास्त. पंजाबात पोती ठेवायला जागा पुरेना, शाळांना सुट्टी देऊन वर्गांत गहू रचला गेला. जुलैत ‘गहू क्रांती’चे टपाल तिकीट निघाले. मेक्सिकन दाणा लाल होता, आपल्या चपातीला तो रुचत नव्हता. पुसाच्या शास्त्रज्ञांनी आणि पंजाबच्या विद्यापीठाने त्यातूनच कल्याणसोना, शरबती सोनोरा असे पिवळसर दाण्याचे वाण काढले.

आता दावे आपल्या हातानेच सोडायचा प्रश्न होता, आणि इथे पुण्याच्या एका माणसाचे नाव घेतलेच पाहिजे. गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ १९६७ मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. त्यांच्या देखरेखीखाली झालेल्या चौथ्या योजनेत दोन गोष्टी लिहून ठेवल्या होत्या: पीएल ४८० ची सवलतीची आयात १९७१ पर्यंत बंद करायची, आणि परदेशी मदतीचा निव्वळ भार योजना संपेपर्यंत निम्म्यावर आणायचा. तारीख घालून लिहिलेली ही वाक्ये होती. मे १९७१ मध्ये दिल्लीहून परतताना गाडगीळ गेले. त्या डिसेंबरात बांगलादेशच्या युद्धावरून अमेरिकेने पुन्हा मदत थांबवली तेव्हा पीएल ४८० ची आयात आपण बंद केली होती. साठलेल्या रुपयांचा निकाल फेब्रुवारी १९७४ मध्ये लागला: अमेरिकेचे राजदूत मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारला परत दिला. अर्थमंत्री तेव्हा यशवंतराव चव्हाण होते.

पण गहू पिकला म्हणजे भाकरी मिळाली, असे होत नाही. १९७२ मध्ये महाराष्ट्रात पाऊस सलग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बुडाला. पंजाबचा गहू होता, पण नगर-सोलापूर-औरंगाबादच्या कोरडवाहू शेतकऱ्याजवळ तो घ्यायला पैसा नव्हता. ज्या शंकेने १९६६ मध्ये अर्थतज्ज्ञ हरितक्रांतीच्या वाटेत आडवे आले होते, तीच ही. देशाला पुन्हा बाहेरून धान्य आणावे लागले, सोव्हिएत युनियनकडून २० लाख टन गहू उसना घेतला गेला, मिलो पुन्हा दुकानात आली.

यावेळी उत्तर आले ते विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्याकडून. मागेल त्याला काम आणि कामाला मजुरी, ही कल्पना त्यांनी १९६५ मध्येच सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात करून पाहिली होती. शास्त्रीजी उपवासाची हाक देत होते त्याच वर्षी. १९७२-७३ मध्ये तीच कल्पना राज्यभर गेली. खडी फोडायला, पाझर तलावावर, नालाबांधावर १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ ५० लाख माणसे होती. मुलांना तिथेच सुकडी मिळायची. हातात मजुरी असल्याने धान्य त्या मुलखाकडे ओढले गेले. बिहारपेक्षा पीक जास्त बुडूनही तिथल्यासारखी दशा झाली नाही. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये विधिमंडळाने एकमुखाने केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्यासाठी लागणारा पैसा उभा करायला राज्याने १९७५ मध्ये शहरातल्या नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला होता. तो कर आजही मुंबई-पुण्यातल्या बहुतेक पगारपत्रकांत कापला जातो.